विषय कुणाचा, घर कुणाचं?



गेल्या तीन महिन्यांत वेगवेगळ्या तालुक्यांतल्या गटांची जी पत्रं आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एक मागणी सारखीच आहे. 'दर महिन्याच्या चर्चेसाठी वर्षभराच्या बारा विषयांची यादी पाठवा.' एका गटाने पुढे असंही लिहिलंय की शक्य असेल तर बारा वक्त्यांची नावंही पाठवा, म्हणजे वर्षाचा कार्यक्रम छापून टाकता येईल.

यादी करणं अवघड नाही. स्त्री आणि कायदा, स्त्री आणि आरोग्य, स्त्री आणि प्रसारमाध्यमं, स्त्री आणि पर्यावरण. अशा 'स्त्री आणि' विषयांची माळ अर्ध्या तासात ओवून होते. आम्ही ती पाठवणार नाही. एक तर असा विषय घेतला की वक्ता लागतोच. वक्ता आला की सतरंजीवर बसलेल्या पंचवीसजणी श्रोते होतात, शेवटी 'कुणाला काही विचारायचंय का' असं विचारलं जातं आणि सगळ्या एकमेकींकडे बघतात. आभारप्रदर्शन होतं. पुढच्या महिन्यात पंचवीसच्या बारा होतात आणि मग आपण म्हणतो, बायकांना वेळच नाही, बायकांना गांभीर्यच नाही.

विषय ठरवणं आणि बैठक कुणाकडे ते ठरवणं, ही दोन कामं आपण व्यवस्थेची कामं समजतो. चहा-सतरंजीच्या रांगेत ती बसवतो. माझ्या अनुभवात गट टिकतो की मोडतो, त्यात कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, हे या दोन गोष्टींवरच सगळ्यात जास्त ठरतं. म्हणून हे संपादकीय त्यांच्यासाठी राखून ठेवलं आहे.

हे प्रश्न काही आजचे नाहीत. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. तिथे जाणाऱ्या रमाबाई रानड्यांना घरातल्या बायकांकडून किती विरोध सोसावा लागला, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे बाईने बायकांत जाऊन बसायचं, तेही कुठे आणि कुणाच्या डोळ्यांदेखत, हा प्रश्न विषयाच्या आधी येतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये जाणीवजागृतीचे गट सुरू झाले, तेव्हा त्यांची रीत साधी होती. एक प्रश्न मध्ये ठेवायचा आणि प्रत्येकीने आळीपाळीने स्वतःच्या आयुष्यातून त्याचं उत्तर द्यायचं. आपल्याकडे १९७८ साली मथुरेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० साली बलात्काराच्या प्रश्नावर ठिकठिकाणी बायका जमू लागल्या, मुंबईत मंच उभा राहिला आणि १९८३ साली कायदा बदलला. तिथे विषयाची यादी कुणी वर्षाच्या सुरुवातीला छापलेली नव्हती. एक प्रश्न असह्य झाला आणि त्याने माणसं गोळा केली.

आता आमच्या गटाविषयी. कोल्हापुरात दर महिन्याला आमची बैठक असते. त्यात शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, धुणंभांडी करणाऱ्या मावशी आहेत, दोघी-तिघी इचलकरंजीहून येतात, त्या यंत्रमागाच्या कारखान्यांत कामाला आहेत. एक निवृत्त परिचारिका आहेत, त्या सगळ्यात जास्त बोलतात आणि सगळ्यात वेळेवर येतात. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली. आमच्या अभ्यासक्रमात गटकार्याचा सबंध पेपर होता. त्यात गट कसा बांधायचा हे शिकवलं, पण पाणी कुणाच्या घरी कोण पितं याचा धडा नव्हता. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी विषय. मालमत्तेतला हक्क हा विषय आम्ही एकदा रीतसर घेतला होता. वकील मैत्रीण आली, तिने छान सांगितलं. महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांच्या बरोबरीने हक्क दिला, देशभरासाठी ती दुरुस्ती २००५ साली झाली, आणि वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. चर्चा शून्य.

वर्षभराने तोच विषय वेगळ्या दाराने आत आला. एका अंगणवाडी सेविकेने चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हक्कसोड पत्रावर सही केली तेव्हा तुम्ही कुठे होता?' एवढंच. त्या दिवशी बैठक संपेचना. एकीने वडिलांच्या तेराव्याला सही केली होती, पाहुण्यांची पंगत बसायच्या आधी. एकीला दिवाळीला माहेरी बोलावलं, साडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी भावाने गाडीवर बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. एकीने स्वतःच्या हाताने नणंदांकडून सही घेतली होती, आणि तेही तिने सांगितलं. 'सही दिली नसती तर माहेर तुटलं असतं,' असं जवळजवळ प्रत्येकीने म्हटलं. मग कुणीतरी विचारलं, 'आणि सही दिल्यावर माहेर राहिलं का?' यावर जे बोलणं झालं ते कुठल्याही व्याख्यानात येणार नाही. त्यानंतर कायद्याची माहिती मागायला बायका स्वतः आल्या. सातबाऱ्यावर वारसनोंद कशी होते, फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, हक्कसोड पत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही, हे सगळं तेव्हा कुणी वहीत लिहिलं नाही, पण आजही विचारलं तर सांगतील. वकील मैत्रिणीला आम्ही आता शेवटच्या अर्ध्या तासाला बोलावतो. ती हसते, पण येते.

तेव्हा विषय निवडताना आम्ही आता एकच गोष्ट बघतो. त्याचं उत्तर प्रत्येकीला स्वतःच्या घरातून देता येतं का? 'पुरानंतरचं पुनर्वसन' हा विषय झाला. '२०१९ च्या पुरात तुमच्या घराचा पंचनामा कुणाच्या नावाने झाला आणि आलेले पैसे कुणाच्या हातात पडले?' हा प्रश्न झाला. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले, तेव्हा त्या योजनेचं राजकारण या विषयावर वर्तमानपत्रांत भरपूर छापून आलं. आमच्याकडे प्रश्न होता, 'ते पैसे आले हे घरात आधी कुणाला कळलं?' कारण बऱ्याच जणींच्या खात्याचा मोबाईल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा होता. २०२५ साली ई-केवायसीसाठी नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं, तेव्हा नवऱ्याने टाकलेल्या बायकांनी करायचं काय, हा प्रश्न आमच्या सतरंजीवर लगेच आला, तो याच बैठकीमुळे.

दिनविशेषांप्रमाणे विषय घेण्याची सवयही जरा बाजूला ठेवायला हवी, असं माझं मत आहे. तीन जानेवारी, आठ मार्च, पंचवीस नोव्हेंबर हे दिवस आपले आहेतच. त्या दिवशी रस्त्यावर यावं. पण ज्या महिन्यात वस्तीतल्या एका मुलीचं लग्न सोळाव्या वर्षी उरकलं गेलंय, त्या महिन्यात वार्षिक कार्यक्रमात 'महिला आणि डिजिटल साक्षरता' छापलंय म्हणून तेच घ्यायचं, याला काय म्हणावं? प्रकल्पाच्या अहवालात बसतात म्हणून घेतलेले विषयही याच जातीचे. निधी देणाऱ्यांना बैठकीचे फोटो लागतात हेही मला माहीत आहे, त्यातलं काम मीही करते. तरीही मासिक चर्चेत फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही आणि आतलं बोलणं व्हॉट्सअॅपच्या गटावर नाही, हे आम्ही पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं. तारीख आणि पत्ता एवढंच त्या गटावर जातं.

मात्र विषय कुणी सुचवायचा आणि कसा निवडायचा, इथे खरी गोम आहे. आम्ही सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून मतं घ्यायचो. लोकशाही पद्धत. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या निवृत्त परिचारिकांनी जपून ठेवल्या होत्या, त्या एकदा काढून बघितल्या. 'पगारी सुट्टी' हा विषय सात वेळा आला होता आणि सातही वेळा पडला होता. सुचवणाऱ्या अर्थातच धुणंभांडी करणाऱ्या मावशी होत्या, त्या गटात चौघी. मत देणाऱ्यांत त्यांच्याकडून धुणंभांडी करून घेणाऱ्याही होत्या. 'आपल्यात जात आहे का' ही चिठ्ठी पाच वेळा आली होती. तिला कधीच तीनाच्या वर मतं मिळाली नाहीत. कुणी मुद्दाम पाडलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकीला दुसरा विषय जास्त जवळचा वाटला, एवढंच. पण बहुमताने विषय निवडला की थोड्यांचा प्रश्न कायम थोड्यांचाच राहतो, आणि चळवळीत तर आपण नेमकं हेच होऊ नये म्हणून आलो.

मग आम्ही मतदान बंद केलं. आता पाळी आहे. हजेरीच्या वहीत नावं ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने एकेकीने विषय द्यायचा. तो कुणी नाकारायचा नाही. शब्द बदलायला मदत करायची, विषय बदलायला नाही. पगारी सुट्टीचा विषय असा नावाच्या क्रमाने आला. २००८ साली राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला हे त्या दिवशी अनेकींना पहिल्यांदा कळलं, पण बैठक गाजली ती दुसऱ्याच कारणाने. 'ताई, तुम्ही आठ मार्चला मोर्चाला गेलात, त्या दिवशी मी तुमच्याकडे भांडी घासत होते,' असं एक मावशी समोरच्या बाईंना म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या. त्या बाई पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. तिसऱ्या बैठकीला आल्या. आता त्यांच्या घरच्या मावशींना महिन्याला दोन सुट्ट्या आहेत. बाकीच्या घरांचं बोलणं अजून चाललंय आणि ते गोड नाही.

बऱ्याच गटांत जिच्या घरी बैठक तिचाच विषय, अशी पद्धत आहे. सोपी आहे, पण आम्ही ती मुद्दाम घेतली नाही. घराचा हॉल मोठा असेल तर विषयही मोठ्या हॉलवालीचाच, असा त्याचा अर्थ होतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारीकडे वीस बायका बसू शकत नाहीत म्हणून तिने प्रश्नही विचारायचा नाही का? तेव्हा यजमानीण एक आणि विषय देणारी दुसरी, हे आम्ही तोडूनच टाकलं.

यजमानपणाचा प्रश्न त्याने सुटला नाही. उलट उघड झाला. बायकांनी आळीपाळीने एकमेकींकडे जमायचं, याची आपल्याला भिशीची आणि हळदीकुंकवाची सवय आहे. दोन्हींतून आपण काय घेऊन येतो ते बघा. भिशीतून खाणं येतं. पहिल्या बैठकीला चहा-बिस्किटं, तिसऱ्याला पोहे, पाचव्याला ढोकळा आणि शिरा. मग पुढची जिची पाळी असेल ती आजारी पडते. हे आजारपण काय असतं ते आपल्याला कळायला हवं. आम्ही चिरमुरे-फुटाणे आणि चहा यावर गाडी थांबवली. चहा-साखर गटाच्या पेटीतून. यजमानीण बैठक चालू असताना स्वयंपाकघरात जाणार नाही, कप पाहुण्या विसळतील. याला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल? यजमानणींनीच. 'आमच्याकडे आलेल्यांनी कप विसळायचे म्हणजे काय!' ते पटवायला सहा महिने लागले.

हळदीकुंकवातून दुसरंच येतं. कुणाला बोलवायचं नाही, याची आठवण. हेरवाड हे आमच्या जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं गाव. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो सगळ्या ग्रामपंचायतींसमोर ठेवला. आपल्याला अभिमान वाटला. पण आमच्याच गटातली विधवा मैत्रीण आपल्या घरी बैठक ठेवायला दोन वर्षं का कू करत होती, ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, सवाष्णी आपल्या दारात का म्हणून येतील? आलो आम्ही. सासूबाई आतल्या खोलीतून ऐकत होत्या, शेवटी चहाला बाहेर येऊन बसल्या.

आता पाण्याचं. पहिल्यांदा बौद्धवाड्यातल्या मैत्रिणीकडे बैठक झाली, तेव्हा तिघींचा उपवास निघाला. वार मंगळवार होता, चतुर्थी नव्हती. एकीला पित्त होतं. तिने फक्त पाणी नको म्हटलं. यजमानणीने काही न बोलता ग्लास परत नेले. पुढच्या महिन्यात विषय देण्याची पाळी तिची नव्हती, पण जिची होती तिने आपली पाळी तिला दिली. तिने चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, 'पाणी'. त्या बैठकीत काय झालं ते सगळं इथे लिहिणं तिच्यावर अन्याय होईल. एवढंच सांगते, दोघींनी गट सोडला, त्यातल्या एकीने 'आम्ही तसलं काही मानत नाही' असं म्हणत सोडला. आणि वाड्यातल्या सहाजणी नव्याने आल्या. गट लहान होईल या भीतीने हा विषय टाळावा असं काही कार्यकर्त्या मैत्रिणींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. सगळ्या टिकाव्यात म्हणून ज्यांनी गप्प बसायचं, त्या नेहमी त्याच असतात.

घर हे नेहमीच योग्य ठिकाण असतं असंही नाही. बाहेरच्या खोलीत नवरा वर्तमानपत्र उघडून बसला असेल तर मारहाणीवर कोण बोलणार? ज्या घरात बैठक आहे तिथलीच बाई मार खाणारी असेल तर तिच्या भिंतींना कान असतात. १९१९ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता आणि देशाला कौटुंबिक हिंसेचा कायदा २००५ साली मिळाला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण ते सांगण्यासाठी आम्हाला अंगणवाडीची खोली लागते. अंगणवाडीत ठेंगण्या खुर्च्यांवर बसावं लागतं, तेवढं सोडलं तर जागा उत्तम. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, पण मुसलमान मैत्रिणी तिथे संकोचतात आणि पाळी आलेली बाई घरीच राहते. वेळेचंही तसंच. रविवारी सकाळ शिक्षिकांना बरी, कामवाल्यांना दुपारी दोन ते चार. रमजानमध्ये संध्याकाळ नको. आम्ही वेळ दर तीन महिन्यांनी बदलतो, म्हणजे गैरसोयही आळीपाळीने होते.

राहिलं चर्चा चालवण्याचं. जो फ्रीमन या अमेरिकन कार्यकर्तीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेला रचनाहीनतेच्या जुलमावरचा निबंध कार्यकर्त्यांनी जरूर मिळवून वाचावा. आमच्यात कुणी नेता नाही असं म्हणणाऱ्या गटातही नेतृत्व असतंच, ते लपलेलं असल्यामुळे त्याला जाब विचारता येत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्यासारख्या पदवीवाल्या कार्यकर्त्यांना ते चांगलंच लागू पडतं. त्याच काळात न्यूयॉर्कच्या 'द फेमिनिस्ट्स' या गटात प्रत्येकीला सारख्या चकत्या देत आणि बोललं की एक चकती टाकावी लागे. आम्ही चिंचोके वापरतो. प्रत्येकीला पाच. परिचारिकाबाईंचे पहिल्या दहा मिनिटांत संपतात. मग त्या शेजारणीकडे उसने मागतात, ते द्यायचे नाहीत असा नियम करावा लागला. चर्चा कुणी चालवायची त्याचीही पाळी आहे आणि त्या वहीत माझं नाव इतरांसारखंच वर्षातून एकदा येतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी चालवलेल्या बैठका सगळ्यात वेळेत संपतात, हे मी बघितलं आहे. त्या मुद्दे लिहून घेत बसत नाहीत, ऐकतात.

ज्या गटांनी यादी मागितली त्यांना आमची एक सूचना आहे. पुढच्या बैठकीत गेल्या वर्षभरातल्या विषयांसमोर ते सुचवणारीचं नाव लिहा, आणि बैठक ज्या घरी झाली त्या घराचा मोहल्ला. मग तो कागद आम्हाला पाठवा. नावं छापणार नाही, पण पुढच्या अंकात अशा कागदांवर चार पानं राखून ठेवली आहेत.

आमच्या पुढच्या तीन बैठकांचे विषय पाळीने आले आहेत. पहिला, 'तुमच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव कुठे आहे?' राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय झाला आहे, तेव्हा आधी जन्मलेल्यांच्या आयांना बरंच बोलायचंय. दुसरा, 'गर्भाशयाची पिशवी काढायचा सल्ला तुम्हाला कुणी दिला?' हा ऊसतोडीला जाऊन आलेल्या मैत्रिणीचा प्रश्न आहे, बैठक अंगणवाडीत होईल. तिसऱ्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'म्हातारपणी मी कुणाकडे राहू?' विषय देणाऱ्या मावशी सत्तरीच्या आहेत. ती बैठक कुणाकडे घ्यायची ते अजून ठरलेलं नाही. त्या म्हणतात, मुलाच्या घरी नको.